वहिवाटीविरुद्ध कायदा : वकील आणि कायदेकर्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, धम्मदीक्षेचे प्रवर्तक म्हणून त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. परंतु मुंबईच्या न्यायालयांत काळा कोट घालून उभे राहणारे, गरीब पक्षकाराची कैफियत ओळीओळीने तपासणारे वकील बाबासाहेब आपल्या परिचयाचे असतातच असे नाही. वास्तविक त्यांच्या कायदेविषयक विचाराची घडण या वकिलीतच झाली. न्यायालयात त्यांना जे साधले आणि जे साधणे शक्य नव्हते, त्या दोहोंचा हिशेब त्यांनी पुढे देशाच्या कायदेमंडळात मांडला. हा प्रवास समजून घेण्यासाठी महाडच्या चवदार तळ्याचा खटला हे सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे. तळ्यावरील सत्याग्रह आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. मात्र त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा फारसा सांगितला जात नाही. या लेखात तो प्रामुख्याने मांडण्याचा प्रयत्न आहे.

सनद आणि सुरुवातीचे दिवस

लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून 1922 साली बाबासाहेब बॅरिस्टर झाले. अर्थशास्त्रातील उच्च पदव्या संपादन करून 1923 मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा वकिलीची सनद घेण्याइतकी रक्कमही त्यांच्यापाशी नव्हती. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण दूर केली आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला.

बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांच्या मार्फत. अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरकडे कागदपत्रे सोपविण्यास बहुतेक सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे बाबासाहेबांकडे येणारे काम मुख्यतः खालच्या न्यायालयांतील आणि जिल्ह्यांच्या ठिकाणचे असे. पक्षकार गरीब, फी तुटपुंजी. चरितार्थासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखापाल प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि 1935 मध्ये तेथील प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले.

अशाही परिस्थितीत त्यांनी घेतलेले खटले पाहिले की त्यांच्या वकिलीचा कल कळतो. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर बदनामीचा खटला झाला व त्यांना शिक्षा सुनावण्यात आली. 1926 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात बाबासाहेबांनी त्यांचे अपील चालविले आणि ते निर्दोष सुटले. 1934 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा आरोप आला, तेव्हाही बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक प्रश्नांविषयी शास्त्रीय माहिती देणे हा गुन्हा ठरू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तो खटला ते हरले. परंतु ज्याची बाजू घ्यायला समाज कचरतो, त्याची बाजू कायद्याच्या भाषेत मांडणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, ही त्यांची धारणा या दोन्ही खटल्यांतून दिसते.

चवदार तळे : ठरावापासून दाव्यापर्यंत

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तथापि तो ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर पाय ठेवण्याचे धैर्य कोणालाही करू दिले जात नव्हते.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. तेव्हा बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले.

आता विरोधकांनी दुसरा मार्ग धरला. 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी घेऊ नये, असा तो हुकूम होता. बाबासाहेब आता या प्रकरणात वकील नव्हते, प्रतिवादी होते.

डिसेंबरची परिषद भरली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी हजारो लोकांनी नावे नोंदविली होती आणि तुरुंगात जाण्याची सर्वांची तयारी होती. अशा वेळी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लोकांच्या मनात निराशा दाटली असेल हे उघड आहे. पण त्यामागील विचार ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या वेळी सत्याग्रहींसमोर रूढी उभी होती; या वेळी न्यायालयाचा हुकूम उभा होता. हुकूम मोडला असता तर लढा सवर्णांच्या दुराग्रहाविरुद्ध न राहता सरकारविरुद्ध झाला असता आणि विरोधकांना नेमके तेच हवे होते. ज्या कायद्याकडे आपण दाद मागणार, त्याच कायद्याचा हुकूम हाती येताच झुगारायचा नाही. तो न्यायालयातच रद्द करून घ्यायचा, ही त्यांची भूमिका होती. 23 फेब्रुवारी 1928 रोजी न्यायालयाने तो मनाई हुकूम उठविला.

न्यायालयात नेमका वाद काय होता?

दाव्यात वादींचे म्हणणे दुपदरी होते. एक, तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे. दोन, ते कोणाच्याही मालकीचे असो, तेथे केवळ स्पृश्य हिंदूंनीच पाणी भरावे आणि अस्पृश्यांना मज्जाव असावा अशी पूर्वापार वहिवाट आहे. आणि अशा वहिवाटीला कायद्याचे बळ आहे.

यातील दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. ब्रिटिश अमदानीतील न्यायालये स्थानिक रूढीला मान देत. मात्र त्यासाठी काही कसोट्या होत्या. रूढी प्राचीन हवी, तिचे स्वरूप निश्चित हवे, ती अखंड चालत आलेली हवी आणि ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाशी विसंगत नसावी. रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असे.

8 जून 1931 रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादींनी ठाण्यास अपील केले. 30 जानेवारी 1933 रोजी तेही फेटाळले गेले. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अंतिम निकाल दिला. अपील फेटाळण्यात आले. तळे नगरपालिकेचे ठरले होते आणि वादी सांगत असलेली वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नव्हते. पहिल्या ओंजळीनंतर जवळजवळ दहा वर्षांनी तळ्यावरील हक्काला उच्च न्यायालयाची मोहोर मिळाली.

हा विजय मोठा होता. परंतु निकाल बारकाईने वाचला की एक गोष्ट लक्षात येते. वादी हरले ते पुराव्याअभावी. अशी वहिवाट अवाजवी आहे काय, ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, या प्रश्नाचा निवाडा करण्याची गरज न्यायालयाला पडली नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर तो विचार करावा लागला असता, एवढेच न्यायालयाने म्हटले. म्हणजे उद्या दुसऱ्या गावातील दुसऱ्या तळ्यावर कोणी जुने दाखले आणून शेकडो वर्षांची वहिवाट सिद्ध केली असती, तर काय झाले असते? माणसाला पाणी नाकारण्याचा प्रघात पुरेसा जुना आहे म्हणून तो कायदेशीर ठरला असता काय? हा प्रश्न तसाच उघडा राहिला होता. एका खटल्यातून एक तळे खुले होते. मात्र प्रत्येक पाणवठ्यासाठी दहा वर्षे खटला लढणे कोणत्याही गरीब समाजाला परवडणारे नव्हते. त्यासाठी कायदाच बदलावा लागणार होता.

प्रांतिक कायदेमंडळातील धडे

फेब्रुवारी 1927 मध्ये, म्हणजे महाडच्या आधी महिनाभर, बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले होते. 1928 मध्ये त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. गावकीची राबणूक महारांकडून वतनाच्या नावाखाली अत्यल्प मोबदल्यात करून घेतली जात असे. त्या जोखडातून मोकळे होण्याची वाट या विधेयकात होती. विधेयकास पुरेसा पाठिंबा मिळाला नाही आणि 1929 मध्ये ते त्यांना मागे घ्यावे लागले. त्याच काळात स्त्री-कामगारांना बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा या विधेयकाचे त्यांनी जोरदार समर्थन केले.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली आणि पुढील वर्षी ते निवडून आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. तेही विधेयक संमत झाले नाही. मात्र खोती नष्ट करणारा कायदा 1949 साली आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा 1958 साली मुंबई राज्यात झाला. बाबासाहेबांनी मांडलेला विचार कायद्याच्या पुस्तकात यायला अनुक्रमे बारा आणि तीस वर्षे लागली. संख्याबळ नसलेल्या सदस्याचे विधेयक फेटाळले जाते. तथापि त्यात मांडलेला प्रश्न सभागृहाच्या कामकाजातून पुसला जात नाही. अल्पसंख्य समाजाच्या प्रतिनिधीने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

राष्ट्रीय पातळीवर

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि केंद्रीय कायदेमंडळात सरकारतर्फे विधेयके मांडू लागले. कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी 1946 ची दुरुस्ती ही त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाची कामगिरी होय.

1946 मध्ये संविधान सभेवर ते बंगालमधून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा जुलै 1947 मध्ये मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. प्रत्येक आक्षेपाला उत्तर देताना त्यांची वकिली उपयोगी पडली. शब्दाचा अर्थ काय, तो न्यायालयात कसा वाचला जाईल आणि त्यातून पळवाट निघेल काय, हे प्रश्न ते सतत स्वतःस व सभागृहास विचारत.

आता महाडचा उघडा राहिलेला प्रश्न संविधानात कसा मिटला ते पाहू.

कलम 15 च्या दुसऱ्या खंडात म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या उपयोगास मज्जाव करता येणार नाही. मग त्या पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशातून राखल्या जात असोत, किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या असोत. 1923 च्या बोले ठरावातील आशय येथे मूलभूत हक्काच्या रूपाने आला. ठराव नगरपालिका मागे घेऊ शकत होती. हा हक्क कोणतीही नगरपालिका मागे घेऊ शकत नाही.

कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले आणि त्यातून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरविला. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेने ही तरतूद स्वीकारली.

तिसरे कलम आपल्याकडे फारसे उद्धृत होत नाही; ते आहे कलम 13. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले पूर्वीचे कायदे त्या विसंगतीपुरते शून्य ठरतील, असे ते सांगते. आणि ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना, कायद्याचे बळ असलेली रूढी किंवा परिपाठ यांचाही त्यात समावेश करते. महाडच्या वादींचा सारा दावा या एका शब्दावर उभा होता. त्यांनी वहिवाट हजार वर्षांची आहे असे सिद्ध केले असते, तरी 26 जानेवारी 1950 नंतर ती निरर्थक ठरली असती. रूढी किती जुनी आहे, या प्रश्नाऐवजी ती माणसाच्या समान हक्काशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आला.

ही सारी कलमे एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मूलभूत हक्कांच्या उपसमितीपासून पूर्ण सभागृहापर्यंत अनेकांचा त्यांत हातभार होता. परंतु 1947 मध्ये उपसमितीपुढे ठेवलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी पाणवठे, रस्ते आणि सार्वजनिक सोयी नाकारणे हा गुन्हा ठरवावा आणि सामाजिक बहिष्कारालाही शिक्षा असावी, अशी कलमवार मांडणी केली होती. महाडचा अनुभव त्या मांडणीमागे होता, हे सहज उमगते.

सत्तेत आणि सत्तेबाहेर

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी आपले सर्व बळ पणाला लावले. तेथेही झगडा वहिवाटीशीच होता. फरक एवढाच की येथे ती घराच्या उंबरठ्याआड स्त्रीच्या वाट्याला आलेली होती. विधेयक रखडले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 मध्ये विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी असे चार स्वतंत्र कायदे होऊन त्या विधेयकातील बराचसा भाग अमलात आला.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून आणि 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून ते पराभूत झाले. ज्यांनी मतदानाचा हक्क प्रत्येक प्रौढ नागरिकाला मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला, त्यांना लोकसभेत प्रवेश मिळाला नाही. मात्र 1952 पासून महापरिनिर्वाणापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. 1954 च्या सप्टेंबरमध्ये अस्पृश्यता (अपराध) विधेयक राज्यसभेत चर्चेला आले, तेव्हा त्यांनी त्याच्या नावावरच आक्षेप घेतला. नावात नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, असे त्यांचे म्हणणे होते. भेद सूक्ष्म वाटला तरी मूलगामी आहे. ‘अपराध’ म्हटले की लक्ष अपराध्याकडे जाते. ‘हक्क’ म्हटले की ज्याचा हक्क आहे तो नागरिक मध्यभागी येतो. कायदा 1955 मध्ये जुन्याच नावाने झाला. 1976 च्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले, तेव्हा बाबासाहेबांना जाऊन वीस वर्षे होत आली होती.

धम्म आणि कायदा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. कायद्याची वाट संपली म्हणून ते धम्माकडे वळले, असे काही जण मानतात. तो समज बरोबर नाही. कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितली आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नये. ती कुशल आहे की अकुशल, हिताची आहे की अहिताची, हे स्वतः पारखावे. ‘ही पूर्वापार वहिवाट आहे’ या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल? कलम 13 हे उत्तर न्यायालयाच्या भाषेत देते, धम्म ते मनाच्या भाषेत देतो. कायदा तळे खुले करू शकतो. तळ्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मैत्रीभावाने जागा करून देणे मात्र कायद्याच्या आवाक्यातले नाही. बाबासाहेबांना दोन्हींची गरज कळली होती.

आपल्यासाठी

1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. वकिलीतून स्वतःचा संसार कसाबसा चालत असतानाच्या काळातील ही गोष्ट आहे. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1956 मध्ये तिच्या वतीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. निवासी शाळा आणि कायद्याचे शिक्षण ही दोन्ही कामे त्यांनी एकाच ध्येयाच्या पोटी केली. गावातील मुलाला राहायला जागा आणि पोटाला अन्न मिळाले तरच तो पुस्तकापर्यंत पोहोचेल. आणि त्यातील काही जण कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचले तरच समाजाचा हक्क कागदावरून गावात उतरेल.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज अनेक क्षेत्रांत आहेत. त्यांतील प्रत्येकाने वकील व्हावे असे नाही. परंतु आपल्या गावातील पाणवठा, स्मशानभूमी, रस्ता किंवा समाजमंदिर यांविषयी कोणी ‘इथली पद्धतच तशी आहे’ असे सांगू लागले, तर कलम 13, 15 आणि 17 कोणते ते आपल्याला ठाऊक असावे, अर्ज कोणाकडे करायचा हे माहीत असावे, आणि अर्जाची पोच जपून ठेवण्याचा संयम असावा. चवदार तळ्याच्या दाव्यात प्रतिवादींनी दहा वर्षे कागद जपले, तारखांना हजेरी लावली आणि हुकूम न मोडता हक्क मिळविला. पालकांनी आपल्या मुलांना महाडची गोष्ट सांगताना ओंजळभर पाण्याबरोबर त्या दहा वर्षांचीही गोष्ट आवर्जून सांगावी.

जय भीम! नमो बुद्धाय!